आतल्या माणसाचं बटण

आप्पा दारात आडवे उभे राहायचे. एक गुडघा चौकटीला टेकवलेला, दुसरा पाय बाहेर, आणि मधे एका वेळी एकच माणूस निघेल एवढी फट. मग बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर पंजा टेकवत ते मोजायचे, "लाभ, दोन, तीन, चार." एक म्हणायचे नाहीत. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणतात, तसं.

बायकांच्या पाठीला हात लावणं त्यांना बरं वाटत नसे. म्हणून माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर टिचकी मारायचे. एकदा पिशवी गाडीत राहिली होती, तर मला परत पाठवून पिशवी आणायला लावली. "मोजनी कशावर करू, ताई?" म्हणाले.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला चक्रम म्हणतात आणि काम मात्र त्यालाच देतात. आप्पा वरवंडचे. वडिलांकडे मेंढरं होती. संध्याकाळी ती जाळीच्या कुंपणात घालताना वडील फटीत असेच आडवे उभे राहत आणि प्रत्येक पाठीला हात लावत. मेंढरं गेली, शेती आली, आणि आप्पा एसीच्या कामाला लागले. दौंडला रेल्वेच्या गार डब्यांवर ठेकेदाराकडे, मग कोल्ड स्टोरेजमध्ये, मग स्वतःचं. मोजायची ढब तेवढी वडिलांची राहिली, असं मी पहिल्या दिवशी मनात नोंदवलं आणि पुढच्या कामाला लागले. मी तशी कामाची बाई आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळून आता शिरूरच्या एका मालकांचं रिसॉर्ट चालवते. सकाळी कामांची यादी करायची, संध्याकाळी ती खोडायची, की झोप चांगली लागते.

मालकांना सगळे दादा म्हणतात. प्लॉटिंगमध्ये हात बसला तसा त्यांना एक शौक सुचला. मुंबईकडच्या कुण्या बड्या घरातली जुनी यॉट त्यांनी विकत घेतली. समुद्रात फिरायची ती मोटारबोट, ट्रेलरवर घालून, विजेच्या तारा बांबूने उचलत, वडगाव रासाईला आणली आणि रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी भीमेत सोडली. बंधाऱ्यामुळे तिथे पाणी तुंबलेलं असतं. उसाच्या दोन फडांमधून ते पांढरं धूड दिसलं की एसटीतली माणसं उभी राहून बघायची.

बोटीत पाच केबिन होत्या. प्रत्येकीत पलंगाखाली एक एसी आणि भिंतीवर दोन काळी फिरवायची बटणं, एक पंख्याचं, एक गारव्याचं. बटणांवरचे आकडे पुसून गेले होते. पुण्याच्या कंपनीने सगळेच एसी बदला म्हटलं. दादा म्हणाले, एसी राहू द्या, फक्त कंट्रोल बदला. बटणं काढून काचेची पॅनल बसवायची, वर चालकाच्या खोलीत एक स्क्रीन, आणि पाचही केबिन तिथूनच चालवायच्या. केबिनमधल्या पॅनलवर नुसता आकडा दिसेल, हात लावून काही होणार नाही. पाहुणे एसी चालू ठेवून वर पत्ते खेळत बसतात आणि जनरेटर डिझेल पीत राहतो, हा दादांचा मुद्दा. मुद्दा चूक नव्हता.

आप्पांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "आतल्या माणसाच्या हातात काय ऱ्हानार?"

"थंड सरबत," दादा म्हणाले.

"आन् गार सोसंना झालं तर?"

"तर वरती फोन करेल की."

"फोन न्हाई लागला तर?"

"आप्पा, पन्नास फुटांची बोट आहे. चंद्रावर निघालीय का?"

बोट चालवणारा आणि आमचा इलेक्ट्रिशियन दोघेही हसले. आप्पाही थोडे हसले. मग पिशवीतून पेचकस काढून त्यांनी पहिल्या केबिनचं दार वाजवलं. आत कुणी नव्हतं, ते आम्हाला दिसत होतं. तरी थोडं थांबले, आणि मगच आत शिरले.

त्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. आप्पा बाहेर पडणारी माणसं मोजायचे तशी आत जाणारीही मोजायचे. आम्ही तिघं फळीवरून बोटीत गेलो, मी, इलेक्ट्रिशियन आणि बोटवाला. आप्पा मागे उभे राहून म्हणाले, "लाभ, दोन, तीन, चार." मी म्हटलं, आप्पा, तिघं आहोत. ते म्हणाले, "असू द्या." संध्याकाळी बाहेर पडताना मात्र बरोबर तीन मोजले आणि मागे वळून बराच वेळ जिन्याकडे बघत राहिले.

मी समजले, स्वतःला धरत असतील. पण स्वतःला धरायचं तर बाहेर पडतानाही धरायला हवं होतं. या असल्या हिशेबाला माझ्या यादीत जागा नसते.

आप्पा कामात देव नव्हते, हेही सांगते. जुन्या यंत्रात हात पक्का, नव्यात धांदल. पॅनलबरोबर आलेलं माहितीपत्रक हात लांब करून वाचायचे, मग घडी करून खिशात ठेवायचे आणि आपल्याला वाटेल तशा वायरी जोडायचे. दुसऱ्या केबिनचा आकडा बदलला की तिसरी गार होई. तिसरीचा बदलला की चौथीचा पंखा फिरे. इलेक्ट्रिशियनने टोमणा मारला, "आप्पा, ही बोट हाय का भावकी? एकाचं पानी दुसऱ्याच्या वावरात." आप्पा म्हणाले, "भावकीत तरी बोलून तुटतं. ही काच बोलंना बी." शेवटी विकणाऱ्या दुकानदाराला व्हिडिओवर वायरी दाखवल्या, त्याने ओरडून ओरडून सगळं सरळ करून घेतलं. आप्पा त्याला प्रत्येक वाक्याला "व्हय साहेब" म्हणत होते आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगं हुशार हाय, पर लय तापतं. त्याला गॅस भरा."

वायरी सरळ झाल्या आणि मागच्या केबिनचा प्रकार समोर आला.

मागची केबिन सगळ्यांत मोठी, पूर्वी बोटीच्या मालकाची असणार. मे महिन्यातली दुपार होती. जनरेटर बंद, एसी बंद, फक्त पॅनलना काठावरून वीज दिलेली. चार केबिनमध्ये आकडा चाळिशीला टेकलेला. मागच्या केबिनमध्ये बावीस. मी बघत असतानाच एकवीस झाला.

पॅनल खराब, मी म्हटलं. आप्पांनी पॅनल बदललं, तोच आकडा. गारवा मोजणारी तार बदलली, तोच आकडा. मागचं पॅनल काढून पुढे बसवलं तर तिथे ते चाळीस दाखवू लागलं. मग मी स्वतः आत गेले. माझ्या ब्लाउजचा घामाने भिजलेला पाठीचा भाग क्षणात गार पडला. पलंगाच्या काठाची स्टीलची दांडी हाताला बोचत होती. खिडकीबाहेर उसाची पानं उन्हाने वळून गेली होती.

नदीच्या पाण्याचा पाइप त्या भिंतीमागून जातो, असं मी दादांना फोनवर सांगितलं. पाइप खरंच जातो. नदीचं पाणी त्या दिवशी कोमट होतं, हे मी सांगितलं नाही.

बोटवाला त्या केबिनकडे जायचा बंद झाला. जुना मालक तिथेच गेला असणार, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, बरं हाय की, डिझेल वाचलं. पण साफसफाईला तोही आत जाईना. आप्पा मात्र दुपारची भाकरी त्याच केबिनच्या दाराशी बसून खायचे, दाराकडे तोंड करून. एक भाकरी फडक्यात बांधूनच ठेवायचे.

मी विचारलं. मला अर्धवट गोष्टी चालत नाहीत.

आप्पांनी हात धुतले आणि सांगितलं. त्यांचा एक जोडीदार होता, कासुर्डीचा, मुसलमानाच्या घरातला. दोघांनी मिळून धंदा सुरू केला होता. हायवेवरच्या एका कोल्ड स्टोरेजचं त्यांना असंच काम मिळालं होतं. आतलं जुनं बटण काढायचं आणि कंट्रोल बाहेर, दाराशेजारी न्यायचं. आत अडकलेल्याने वाजवायच्या घंटेची वायर दुसऱ्या दिवशी जोडायची होती. संध्याकाळी माणसं निघाली. तिथे रिवाज असा की चपला बाहेर काढायच्या आणि आतले बूट घालून जायचं. सगळे गेले की नाही ते चपलांवरून कळायचं.

"मी चपला बघितल्या," आप्पा म्हणाले. "एक बी न्हवती. दार लावलं, मशीन चालू केली, घरी आलो."

जोडीदाराच्या चपलेचा अंगठा सकाळी येतानाच तुटला होता. त्याने दोन्ही चपला चहाच्या टपरीमागे फेकून दिल्या आणि अनवाणी आला होता.

सकाळी तो दाराला पाठ लावून बसलेला सापडला. भिंतीवर जिथे जुनं बटण होतं, तिथल्या मोकळ्या भोकाशी त्याने बोटं घासली होती.

मी त्या फडक्यात बांधलेल्या भाकरीकडे बघितलं.

"तवापासून पाठीला हात लावून मोजतो. चपलांवर भरवसा न्हाई." मग आप्पा म्हणाले, "त्यो येतो, ताई. जिथं गार करायचं काम, तिथं आत शिरताना हाताला लागतो. भायेर येताना लागत न्हाई. आतच ऱ्हातो."

हे सगळं ते मोटरच्या बिघाडाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

त्या जोडीदाराची आई अजून आहे, म्हणाले, कासुर्डीला. फार म्हातारी झालीय, आठवण राहिलेली नाही. आप्पा दर ईदेला जायचे. आधी ती काही बोलत नसे, शीरखुर्मा पुढे करायची. आता विसर पडल्यापासून दर वेळी विचारते, "आया क्या रे वो? अभी तक अंदरच है?" राग नाही, रडणं नाही, शाळेतून पोर आलं का विचारावं तसं. आप्पा म्हणाले, शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

"तिचा नातू म्हनतो, सांगून टाका आला म्हनून, ती निवांत जाईल. पर मला खोटं बोलवत न्हाई. आन् तिचं दिस भरत आल्यात. त्याच्या आत त्याला भायेर काढायचाय मला." त्यांनी केबिनच्या दाराकडे बघितलं. "एवढं गार त्यानं कवाच कुठं केलं न्हवतं. ह्या टायमाला त्यो कायतरी मागतोय. आतलं बटण नका काढू, ताई. बाकी चार काढा. हितलं ऱ्हाऊ द्या."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तेव्हाही नव्हता. पण दार बंद असताना आतल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं, ही मागणी भुताची असो की पाहुण्याची, मला रास्त वाटली. मी दादांना गाठलं आणि सुरक्षेचा मुद्दा लावून धरला. उद्या एखादा म्हातारा पाहुणा आत गारठला तर बातमी कुणाच्या नावाने छापून येईल, विचारलं. दादा म्हणाले, तुम्ही आप्पांच्या नादी लागलात. पण एका केबिनला हो म्हणाले.

आप्पांनी ते जुनं काळं बटण काढून घासलं, तेल दिलं, पुसलेले आकडे तसेच ठेवले आणि नव्या वायरीवर जोडलं. ते फिरवलं की मागच्या केबिनचा एसी बंद. वरची स्क्रीन काही म्हणो.

चाचणीच्या दिवशी आम्ही पाचजण होतो. दादा, बोटवाला, इलेक्ट्रिशियन, मी आणि आप्पा. आत शिरताना आप्पांनी मोजलं, आमचे चार आणि वर एक. दादा वैतागून म्हणाले, आप्पा, दहापर्यंत तरी शिका. भर दुपार होती. जनरेटर सुरू झाला, पाचही एसी चालू झाले, आम्ही सगळे वर चालकाच्या खोलीत स्क्रीनभोवती उभे राहिलो. खालची दारं लावलेली.

दादांनी चोवीसवर ठेवलं. चार केबिन हळूहळू उतरत आल्या आणि थांबल्या. पाचवी थांबली नाही. वीस, अठरा, चौदा. दादांनी ती केबिन बंद केली. स्क्रीनवर बंद दिसू लागली आणि आकडा उतरतच राहिला. अकरा. नऊ. एसीला तेवढं गार करणं जमतच नाही, असं इलेक्ट्रिशियन पुटपुटला. बोटवाला दारापर्यंत सरकला.

मी आप्पांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत नव्हते. मान तिरपी करून, खालून कुणी हाक मारेल तसे कान लावून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. "हाय तिथं," ते अगदी हळू म्हणत होते. "डाव्या अंगाला. हाताला लागंल. हाय बग."

खाली खट्ट झालं.

जुनं बटण फिरतं तेव्हा मधे एक टणक दाणा ओलांडतं, त्याचा तो आवाज. आम्ही तो आठवडाभर ऐकला होता, चुकण्यासारखा नव्हता. पलंगाखालचा पंखा घरघरत थांबला. स्क्रीनवर नऊचा दहा झाला, मग बारा, मग भराभर चढत गेला.

आम्ही पाचहीजण वर होतो. हे मी पुन्हा पुन्हा मनात तपासलं आहे.

"चला भायेर," आप्पा म्हणाले. "घाई करू नका. एका मागं एक."

ते पुढे होऊन फळीच्या तोंडाशी नेहमीसारखे आडवे उभे राहिले, गुडघा चौकटीला. दादासुद्धा मुकाट्याने त्यांच्या हाताखालून गेले. लाभ. बोटवाला, दोन. इलेक्ट्रिशियन, तीन. माझ्या पिशवीवर टिचकी, चार. मी काठावर उतरून मागे वळले.

आप्पा अजून तसेच उभे होते. त्यांचा हात हवेत होता, माणसाच्या पाठीच्या उंचीवर, बोटं पसरलेली. जरा दबलेली, जशी कापडावर दबतात. हात हळूहळू पुढे सरकला, समोरचं कुणी चालू लागल्यावर सरकावा तसा.

"पाच," ते म्हणाले.

मग त्यांनी तो हात काखेत दाबून धरला. बोटं पांढरी पडली होती. मी रुमाल पुढे केला तर त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. दादा फोनवर कुणाला तरी सांगत होते की सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, उद्या बघू.

मागची केबिन त्यानंतर इतर चारांसारखी तापते. पाइप तोच, नदी तीच.

आप्पा परत कामावर आले नाहीत. मी दोन-तीनदा फोन केला. दर वेळी नीट बोलले, आता त्या कामाला हात लागत न्हाई म्हणाले, वर माझीच खुशाली विचारली. दिवाळीच्या आधी ते गेले. मी वरवंडला जाऊन आले. गर्दी होती. कासुर्डीहूनही एक टेम्पो भरून माणसं आली होती, टोप्या घातलेली, आणि आप्पांच्या मुलाला मधे घेऊन बसली होती. म्हातारी उन्हाळ्यातच गेल्याचं त्यांच्याकडून कळलं. झोपेत गेली, म्हणाले. शेवटी शेवटी विचारायची थांबली होती.

मला आप्पा आठवतात ते त्या चाचणीच्या दुपारचे. बाकीचे सगळे निघून गेले होते. ते बाभळीखाली लावलेल्या आपल्या मोटारसायकलपाशी गेले. मागची सीट फडक्याने झटकली. वाकून मागच्या माणसाने पाय ठेवायचे दोन्ही पायटे उघडले, आधी एक, मग वळसा घालून दुसरा. गाडीवर बसले, आणि मान किंचित मागे वळवून थांबून राहिले. गाडी मागच्या बाजूला थोडी खाली बसली.

मी म्हटलं, आप्पा, जपून जा, हायवेला गर्दी असते. हायवेला लागलं की वरवंड डावीकडे येतं.

"उजवीकडं वळनार हाय, ताई," ते म्हणाले. "कासुर्डीला जाऊन येतो आधी. म्हातारी वाट बघती."

आणि मागे कुणीतरी बसलं असताना चालवतात तशी, खड्डे चुकवत, सावकाश चालवत गेले.